सात नंबर केबिनची चूल

दादा कामावरून परतले की लगेच केबिनमध्ये शिरत नसत. बाहेरच थांबत, मान मागे टाकत आणि छपरावरच्या चिमणीकडे बघत. चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली, तर चप्पल काढून आत. धुराची काळी वेणी दिसली, तर चप्पल हातात घेऊन आत.

"कोन बसलं हाये बे चुलीपाशी?"

जो बसलेला असे तो बोलायच्या आत चप्पल त्याच्या पाठीत बसलेली असे. मग समजावणं. "धूर म्हन्जे काय? धूर म्हन्जे न जळलेलं लाकूड. अर्धं लाकूड आभाळात फेकून रायला तू, अन् उरलेल्या अर्ध्यात आमी आठ मानसं शेकायची का?"

कॅम्पमध्ये आल्यावर चौथ्याच दिवशी ती चप्पल माझ्या पाठीत बसली. मी ओलं फळकुट आत सारलं होतं आणि लवकर विझू नये म्हणून चुलीची हवा बंद केली होती. दादांच्या हिशेबी हे दोन गुन्हे होते, म्हणून चपला दोन.

वाचकहो, बहारीनमध्ये चूल म्हटल्यावर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. जानेवारीत रिफा शहराच्या बाहेर उघड्या माळावर, पत्र्याच्या केबिनमध्ये चार दिवस काढा, मग हसू. उत्तरेचा वारा समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि पत्र्यावर काठ्या बडवल्यासारखा आदळतो. ती थंडी कोरडी नसते. ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटते. कंपनीने एसी दिला होता, तो फक्त गार करायचा. हीटर लावला की फ्यूज उडे आणि सबंध रांग अंधारात जाई, म्हणून कामगारांना हीटर 'मफी', म्हणजे नाहीच.

मग लोक काय करत? लोखंडी थाळीत कोळसा फुलवत, त्यावर मांस भाजत आणि उरलेले निखारे थाळीसकट आत आणून दार लावून घेत. खिडक्यांच्या फटी धुळीसाठी टेपने आधीच बंद केलेल्या. हेल्परपासून कॅम्प बॉसपर्यंत सगळे हेच करत. बॉसच्या केबिनला स्वतंत्र वायर होती, हीटरही होता, पण निखाऱ्याची ऊब त्यालाही सोडवत नसे.

मी यायच्या दोन हिवाळे आधी, शेजारच्या कॅम्पमध्ये दादांच्या जिल्ह्यातले दोघे थाळीतल्या निखाऱ्यांच्या वायूमुळे सकाळी उठलेच नाहीत. दार दादांनी फोडलं. त्यातल्या एकाला खांद्यावर घालून त्यांनी रस्त्यापर्यंत नेलं होतं. याबद्दल ते एकदाच बोलले, लाकूड फोडता फोडता.

"लाल होते बे. गाल लाल, ओठ लाल. वाटलं, मस्त झोप लागली हाये. म्या कानाखाली वाजवली, उठ म्हनून. मेलेल्या मानसाले मारलं म्या."

आणि कुऱ्हाड खाली आली.

दादा चंद्रपूरकडचे, आमच्यातलेच, बौद्ध. वय पंचेचाळीसच्या पुढे. कंपनीत वेल्डर. नाव इथे लिहीत नाही. त्या मेलेल्या दोघांनंतर त्यांनी भंगारातून जाड पाइपचा हातभर तुकडा आणला आणि सुट्टीच्या शुक्रवारी बसून चूल बनवली. तोंडाला घट्ट बसणारं दार. हवेला खाली एक फट आणि वर एक, दोन्हींना सरकती झाकणं. आत भट्टीच्या फुटक्या विटा लावलेल्या. वरच्या बाजूला आडवा पत्रा, म्हणजे धग सरळ पळून न जाता वळसा घेऊन जाईल आणि धूर चिमणीत शिरायच्या आधीच पेटेल. चिमणी छपराच्या वर माणसाच्या छातीइतकी उंच. "दोन तास जोरात पेटवा, मंग इझवा. विटा रातभर गरम रायतात. पेटत्या चुलीपाशी झोपायचं नाई, कोनाचा बाप आला तरी."

पेटवायची रीतही उलटी. जाड लाकूड खाली, बारीक काड्या वर, आणि काडी लावायची ती वरून. आग वरून खाली उतरते, धूर ज्वाळेतून जातो आणि जळून जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

डोकं फिरलंय असं लोकांना मे महिन्यात जास्त वाटे. बाकी सगळे एसीसमोर निपचित पडलेले, आणि हा माणूस भर उन्हात जुफैरच्या साईटवरून आलेलं लाकूड निवडत बसलेला. तिथे भराव घातलेल्या जमिनीवर इमारती उठत होत्या. खोकी, पाट्या, फळ्या यांचे ढीग पडत. प्लायवूड बाजूला, त्यात गोंद. शटरिंगच्या फळ्या बाजूला, त्यांना तेल. रंगवलेलं बाजूला. उरलेलं दोन बोटं जाड चिरून, विटांवर रचून, वरून पत्रा झाकून ठेवायचं. हिवाळ्यात दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे. टणकन वाजलं तर चुलीत, धप्प वाजलं तर परत ढिगात.

एकदा आमच्या केबिनमधल्या सुताराने किनाऱ्यावरून मोडक्या होडीची फळी आणली. निळा रंग, वर मीठ. "दादा, बघा कसलं सागवान!" दादांनी ती फळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि तिनेच त्याला दारापर्यंत हाणत नेलं. "मीठ लोखंड खाते, रंग छाती खाते, अन् तू माहं डोकं खातो!"

पण खरी लढाई होती ती भोकाची.

चुलीच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दादांनी भिंतीला वाटीएवढं भोक पाडलं होतं. चुलीला जळायला हवा लागते. ती आतली खाऊ लागली तर माणसांच्या वाटची खाते, म्हणून बाहेरची येऊ द्यायची. तत्त्व सोपं. पण त्या भोकातून उत्तरेचा वारा सुरीसारखा आत यायचा, आणि ते होतं गजूच्या खाटेच्या पायथ्याशी. गजू जळगावचा, इमारतींना परांची बांधणारा. तोंडाने फटकळ.

"ओ भाऊ," तो म्हणाला, "गरम व्हायला चूल आणि गार व्हायला भोक? मग दोन्ही नको, आपण बाहेरच झोपू ना!"

दोन दिवसांनी दादा चुलीपाशी वाकले तर ज्वाळा पिवळी, मरगळलेली. भोकात गजूची जुनी लुंगी कोंबलेली. दादांनी लुंगी ओढून काढली, गजूला खाटेवरून ओढून काढलं आणि मूठ उगारली. मी मधे पडेपर्यंत गजूचा पुढचा दात त्याच्याच तळहातावर होता. गजू त्या दाताकडे बघत राहिला. 

"आठ मानसं झोपतात इथे!" दादा गरजले. "आठ! तुह्या पायाले वारा लागते म्हनून आठ मारतो?"

पुढचे सात दिवस त्याच चुलीवर दादांनी गजूसाठी तांदळाची पेज शिजवली. रोज वाटी त्याच्यासमोर आदळायचे. "माफी मागनार नाई. पेज घे." गजूही पाठ करून बसायचा आणि पेज घ्यायचा. आठव्या दिवशी बोबड्या तोंडाने म्हणाला, "मीठ कमी आहे." दादा हसले. तसे हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, कॅम्प ऑफिसात टाईमकीपर. आमच्या घरात पंचांग कधी नव्हतं, पत्रकं होती. अक्षरओळख मला पत्रकांवरच झाली. अन्याय कसा ओळखायचा, त्याच्याशी कसं लढायचं, हे मला तोंडपाठ होतं. म्हणून दात पाडणाऱ्या माणसाला सुनवायचा अधिकार मी स्वतःकडे घेतला.

"दादा, आपण बुद्धाची माणसं. हात उचलणं आपल्याला शोभत नाही."

"बरोबर हाये तुहं, पत्रक्या. मंग असं कर, भोकात चिंधी कोंबनाऱ्याले तू पत्रक वाचून दाखव. वाचून होईस्तोवर आमी श्वास धरून ठेवतो."

मी चिडून खरंच एक पत्रक लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. सुरुवात होती, 'कामगार बंधूंनो!' दादांनी मला तिथेच थांबवलं.

"बंधूंनो काढ. गाढवांनो लिही."

ते पत्रक दाराच्या आतून चिकटवलं गेलं. कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. पण दादांच्या हाताला घाबरून सगळे पाळत होते, आणि दोन हिवाळे सात नंबरात कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही. पत्रकं आणि चप्पल यांच्यातला हा हिशेब मला आवडला नाही. आजही आवडत नाही.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात कॅम्पची पाहणी व्हायची ठरली. कॅम्प बॉस पुण्याचा होता, बोलायला गोड. त्या सकाळी त्याने माझ्या टेबलावर हाताने लिहिलेली दुरुस्तीची यादी ठेवली. "हे जरा टाईप करून मेंटेनन्सला दे. इन्स्पेक्शन आहे, भिंतींना होल दिसता कामा नयेत. चुलीचं नंतर बघू. तुम्हा लोकांना चुलीशिवाय जमतच नाही ना."

'तुम्हा लोकांना' हे दोन शब्द मला इतके झोंबले की मी त्यांच्याशीच मनातल्या मनात भांडत राहिलो आणि यादी टाईप करून टाकली. गळके नळ, तुटकी कडी, केबिन सात, भिंतीचं भोक बंद करणे. बोटं चालली, डोकं नाही. अर्ध्या तासाने ड्रिलचा आवाज आला. तोही मी ऐकला.

त्या दिवशी गजू आणि तो सुतार तापाने फणफणले होते. दोघांना सिक लीव्ह मीच लावली होती. पहाटे कामावर निघताना दादांनी स्वतःचा नियम मोडला. पोरं कुडकुडताहेत म्हणून चूल पेटवली, दुपारपर्यंत पुरेल इतकं लाकूड भरलं आणि त्यांना म्हणाले, "झोपा. भोक उघडं हाये."

दहाच्या सुमारास जुफैरला वाऱ्याने क्रेन बंद पडली आणि सगळी गँग परत आली. दादा बसमधून उतरले आणि केबिनच्या मागच्या बाजूने येऊ लागले. ऑफिसच्या खिडकीतून मला ते दिसत होते. चालता चालता ते थांबले. सात नंबरच्या भिंतीवर, खाली, नवा कोरा पत्रा चकाकत होता. चार कोपऱ्यांना चार रिव्हेट.

त्या वयाचा माणूस तसा धावताना मी परत पाहिला नाही. दाराला आतून कडी होती. दादांनी खांद्याने दोनदा धडक दिली, तिसऱ्यांदा दार चौकटीसकट आत गेलं. मी पोचलो तेव्हा ते गजूला काखेत धरून फरफटत बाहेर आणत होते. वाळूवर टाकलं, परत आत. सुताराचे पाय दारात अडकले, तेही ओढून काढले. दोघांचे गाल लाल होते. दादा गजूच्या छातीवर बसले आणि त्याला थोबाडीत मारू लागले, डावी-उजवी, डावी-उजवी. "उठ! उठ बे! शिव्या दे मले! उठ!"

गजू ओकला. ओकत ओकत त्याने दादांना एक घाणेरडी शिवी दिली. सुतार कण्हू लागला. दादा मागे वाळूत बसले, दोन्ही हात मांड्यांवर टाकून.

तेवढ्यात बॉस आला. घाबरला होता, म्हणून आवाज चढवला होता. "बघितलंत? मी सांगत होतो ना? चूल कुणाची? तुझी. पेटवली कुणी? तू! दोन माणसं तू मारली असतीस आज!"

खरं तेच होतं, आणि अर्धंच होतं. पूर्ण खरं भिंतीवर चार रिव्हेटांनी ठोकलेलं होतं. दादा उठले. चुलीची लोखंडी सळई दारात पडली होती, ती त्यांनी उचलली. बॉसने उजवा हात वर केला. सळई त्या हातावर बसली आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. दुसरा फटका खांद्यावर. तिसरा डोक्यावर बसला असता, पण वॉचमन धावत आले. "खलास! खलास!" म्हणजे बस, पुरे, असं ओरडत तिघांनी दादांना पाडलं आणि ते पडल्यावरही मारत राहिले, बुटांनी, पाइपने. दादांनी एकदाही हात आडवा केला नाही. त्यांची भुवई फाटली, एक डोळा मिटला. मी ओरडत होतो, कुठल्या भाषेत ते आठवत नाही.

त्यांना गेटजवळच्या वॉचमनच्या खोलीत कोंडलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरने माझ्या हाती एक कागद दिला. 'स्वखुशीने नोकरी सोडून भारतात परत जात आहे.' सही केली तर पोलीस नाहीत, दुपारची फ्लाईट. नाही केली तर केस. पण मॅनेजरलाही केस नको होती, हे मला कळत होतं. पोलीस आले असते तर भिंतीवरच्या पत्र्याबद्दलही विचारलं असतं.

मी खोलीत गेलो आणि आधी सांगून टाकलं. "दादा, भोक बंद करायचा कागद मी टाईप केला."

त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. हात उचलला. मी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा त्या हाताने ते भुवईवरचं रक्त पुसत होते. त्यांनी मला मारायला हवं होतं.

"सही करू नका," मी म्हणालो. "केस होऊ द्या. दोघं मरता मरता वाचले ते कोर्टात सांगू. मी साक्ष देतो. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"तू लढ बे. लढायलेच पायजे. पन केस चालन दोन वर्षं, अन् थंडी हाये अजून दीड महिना. चूल तर हे नेतीनच. चूल गेली की पोट्टे परत कोळसा आनतीन आत. जा, सायबाले सांग. अकरा केबिनले अकरा भोकं पाडा, मंग सही."

"पण भोकाने कोळसा बिनधोक होत नाही, हे तुम्हीच सांगता."

"नाई होत. पन मानसाले उठून दारापर्यंत जायले वेळ भेटते. तेवढा वेळ माह्या त्या दोघायले भेटला नवता."

मॅनेजरने खांदे उडवले. भोकाला काय लागतं? ड्रिलवाला बोलावला गेला, तोच, कालचा.

पहिलं सात नंबरला. रिव्हेट उडवले, पत्रा वाळूत पडला. मग एक नंबरपासून ओळीने. पुढे ड्रिलवाला, मागे दादा लंगडत, दोन्ही बाजूंना वॉचमन, आणि कागद घेऊन मी. प्रत्येक भोकाच्या कडेवरून ते बोट फिरवत आणि सूचना देत. उंदीर येतीन, जाळी लाव. थोडं खाली घे, खाटेच्या वर नको. दारादारांत लोक उभे होते. कुणी हसत नव्हतं. गजू ब्लँकेट गुंडाळून उंबऱ्यावर बसला होता.

दहा भोकं झाली. एअरपोर्टच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. "यल्ला, यल्ला! फ्लाईट!" दादा रांगेच्या टोकाच्या केबिनसमोर जाऊन उभे राहिले. ती बॉसची होती.

बॉस दारात आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. "इथे नाही. मला गरज नाही, माझ्याकडे हीटर आहे."

"थाळी बी हाये. काल संध्याकाळी पोट्ट्याच्या हातून निखाऱ्यासकट आत नेवली तुमी. त्या खोलीच्या खिडकीतून पायलं म्या."

"माझी केबिन आहे ही!"

"म्या तुमचा हात मोडला, त्याची सजा घेऊन चाललो. पन तुमाले मरू देऊन नाई जानार."

मॅनेजरने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. ड्रिलवाल्याने बिट टेकवलं, पण त्याचं लक्ष बॉसच्या नजरेकडे होतं. बिट पत्र्यावरून घसरलं. दादांनी त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं. वॉचमननी त्यांचे खांदे पकडले, मग काय वाटलं कोण जाणे, सोडले. दादा गुडघ्यांवर बसले आणि दात आवळून सगळं वजन मशीनवर टाकलं. पत्रा किंचाळला, ठिणग्या उडाल्या. वाटीएवढी चकती सुटली, वाळूतून घरंगळत गेली आणि बॉसच्या पायाशी आडवी झाली.

दादांनी मशीन खाली ठेवलं, माझ्या हातातून कागद घेतला, त्याच भिंतीवर टेकवला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मग मागे न बघता गाडीत जाऊन बसले. गाडी गेटमधून बाहेर पडली तेव्हा वारा इतका होता की उडालेल्या धुळीत ती लगेच दिसेनाशी झाली.

लोक पांगले. मी पांगलो नाही, म्हणून पुढचं पाहिलं. बॉस वाकला आणि डाव्या हाताने ती चकती उचलली. ती अजून गरम होती. त्याने ती पटकन टाकली, बोटं झटकली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा उचलून, भोकाला न लावता, खिशात टाकली.